सिनेटर मामांचं मत

आमचा राज्यशास्त्र विभाग बंद करायचा, असं प्राचार्य सरांच्या मनात आलं होतं. तिसऱ्या वर्षाला मुलं किती, तर पंधरा. मी तिथं एकोणीस वर्षं शिकवतेय. विभाग गेला की मी कुठं जाणार, हे कुणी सांगेना. निर्णय सोमवारी विकास समितीत मतदानानं व्हायचा होता. मग काय, पदर खोचला आणि समितीतल्या एकेकाच्या घरी जाऊन पोहे खाल्ले. वहीत प्रत्येकापुढं ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहिलं. कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधीही समितीत होता. तो काय, सर म्हणतील तिथं हात वर करणार. कोण आहे हेसुद्धा न विचारता मी ‘नाही’ लिहून मोकळी झाले. नेमकं एकच मत कमी पडत होतं.

सरांचं मन वळवायला मी शुक्रवारी वर्गात अमेरिकेची सिनेट भरवली, मुलांनाच सिनेटर करून. विषय शस्त्रकरार. दोन देशांनी क्षेपणास्त्रं कमी करायची, आणि सिनेटनं दोन तृतीयांश मतांनी मान्यता द्यायची. पंधरा सिनेटर, म्हणजे दहा मतं हवीत. कराराची बाजू मांडणारी पोरगी खुलताबादची, लई हुशार. तिनं आठ दिवस मुलांना चहा पाजून, वर्गाबाहेर गाठून नऊ मतं पक्की केली होती. दहावं मत होतं एका मुलाचं, आणि तो शहाणा ऐन वेळी चिकलठाण्याला कंपनीत मुलाखतीला गेला!

सर पहिल्या रांगेत येऊन बसले होते. तेवढ्यात ग्रंथालयाचे शिपाई पाण्याचा जार घेऊन आत आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. मी म्हटलं, “मामा, बसा इथं. शेवटी फक्त हात वर करायचा.” मुलाखतीला गेलेल्या मुलासाठी आणलेला कोट त्यांच्या अंगावर चढवला. बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या. वहीत मी मामांपुढं ‘होय’ लिहून टाकलं.

पोरीनं भाषण फक्कड केलं. सरांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. आणि मामा उठून उभे राहिले.

“बोलू का?”

नाही कसं म्हणणार? सिनेटर होते ना!

“आमच्या बांधाची मोजणी झाली,” मामा म्हणाले, “तवा दोन्ही शेजाऱ्यांना नोटीस आली. दोघं बांधावर हजर. एक जण नसला तर मोजणारा फीत सोडत नाय. तर ह्या करारात मोजायला कोण जाणार?”

“उपग्रह वरून बघतो,” पोरगी म्हणाली.

“वरनं बघतो, व्हय. पर माझं गाव दौलताबाद. किल्ल्यावर तोफा हायेत, अन् खाली अंधारी वाटबी हाय. तोफ काढली म्हणायचं अन् अंधारात नेऊन ठिवायची, तर तुमच्या उपग्रहाला काय दिसंल?”

वर्ग हसला, सर हसले आणि पोरगी पानं उलटत बसली. करारात तपासणीचं कलम होतं, चांगलं दीड पानाचं, पण ते तिनंच काय, मीही धड वाचलेलं नव्हतं. एकोणीस वर्षं शिकवून ही गत!

मतदान झालं. नऊ हात वर. मामांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात. मी डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, शेवटी खोकलेसुद्धा. मामा ढिम्म. करार एका मतानं पडला. सर उठून गेले.

माझं डोकंच फिरलं. ग्रंथालयात जाऊन मी तोंड सोडलं. “मामा, एक हात वर करायला काय झालं होतं हो? माझा विभाग बुडवलात!”

मामा स्टुलावर बसून फाटक्या पुस्तकाला खळ लावत होते. “मॅडम, त्या पोरीनं चौदा जणांना इचारलं. मला तुमी हात वर कर म्हणलात. मत कुणीच मागितलं नाय.”

“अहो, ते नाटक होतं!”

“व्हय, ते नाटकच होतं. पर सोमवारी समिती हाय, तिथंबी माझं मत हाय. कर्मचाऱ्यांनी निवडून दिलंय मला. तुमी समद्यांच्या घरी गेलात म्हणं. माझ्या घरी नाय आलात.”

मला इतकी लाज वाटली की काय सांगू! रोज ज्यांच्या हातून मी पुस्तकं घेते, त्यांच्या नावानं मी एकाच वहीत दोनदा उत्तर लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांना न विचारता.

“चुकलं मामा,” मी म्हटलं. “आता विचारते. विभाग राहावा म्हणून मत द्याल?”

“कागद हाय का?”

विभाग राहावा म्हणून समितीला लिहिलेला अर्ज मी दिला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. त्यांचं वाचून होईपर्यंत मी त्यांच्यापुढं उभी होते. दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “पुढल्या वर्षी मुलं वाढतील असं लिवलंय. मोजणार कोण?”

“तुम्ही मोजा,” मी म्हटलं. “दर सोमवारी वर्गात येऊन मोजा.”

“तसं लिवा मग.” त्यांनी पेन पुढं केलं. मी तिथंच उभ्यानं लिहिलं, खाली सही केली. ते वाचून मामांनी पायानं दुसरं स्टूल माझ्याकडं सरकवलं. “बसा मॅडम. च्या सांगतो.”

सोमवारी विभाग एका मतानं वाचला. मतदान चिठ्ठ्यांवर झालं, म्हणून कोणाच्या मतानं ते मला आजही माहीत नाही. मामा सांगत नाहीत. या वेळी वहीत त्यांच्यापुढची जागा मी कोरी ठेवली होती.