सनरूफच्या रेलमधले दाणे

काच चार बोटं सरकली, थांबली आणि आपसूक परत बंद झाली. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

"तीन दिवसपासून हाईच चालू शे भाऊ," गाडीचे मालक म्हणाले. पारोळ्याकडचे बागायतदार, सगळे त्यांना नाना म्हणत. गाडी मुलाच्या लग्नात घेतलेली. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं.

मी जळगावातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये सिनियर टेक्निशियन आहे. सनरूफ म्हणजे छतातली सरकती काच. ती मोटरवर चालते. काचेत कुणाचा हात अडकू नये म्हणून त्या मोटरला एक अक्कल दिलेली असते. वाटेत काही आडवं आलं की ती काच परत फिरवते. म्हणजे ही काच काहीतरी आडवं येतंय असं समजत होती. खरंच काही आडवं होतं की मोटरच बिघडली होती, एवढंच शोधायचं होतं.

फ्यूज बघितला, ठीक होता. मग काचेला सुरुवात आणि शेवट नव्याने शिकवला. बटण दहा-बारा सेकंद दाबून धरलं की ती शिकते. तरी फरक नाही. तेवढ्यात मॅनेजर साहेब बाहेर आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "भूषणला दाखवा. त्याचं ट्रेनिंग झालंय."

झालं. माझं डोकं फिरलं.

भूषण आणि मी एकाच महिन्यात लागलो. पुण्याच्या ट्रेनिंगला मात्र तो गेला. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून रिसेप्शनला लावलंय. येताजाता दिसतं. त्यात आता धुळ्याला आमचं नवं वर्कशॉप निघणार होतं आणि तिथे फोरमन म्हणून दोनच नावं चर्चेत होती, माझं आणि त्याचं. माझं घर धुळ्याचं. म्हातारी आई, बायको, दहावीतली मुलगी तिथे आणि मी नऊ वर्षं जळगावात खोली करून. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बस पकडायची, सुट्टी संपली की परत. भूषण इथल्या जवळच्याच नशिराबादचा, रोज घरून येऊन-जाऊन करतो. त्याला कशाला हवं धुळं? पण मिळणार त्यालाच, असं मी धरूनच चाललो होतो. मी जळत होतो, सरळ सांगतो.

भूषणनं लॅपटॉप लावला. मोटर जास्त करंट खेचते असं त्यात दिसलं. रेल, म्हणजे काच ज्यातून सरकते ती पट्टी, त्यानं दिसते तेवढी पुसून घेतली. "मोटरच गेलीय," तो म्हणाला आणि ऑर्डरचा फॉर्म भरायला आत गेला.

मी काच नुसती मागून उचलली आणि टॉर्च मारला. रेलच्या आतल्या कोपऱ्यात, ग्रीसमध्ये रुतलेले पिवळे दाणे. एक नखानं काढला. ज्वारी, हळद लावलेली. आमच्याकडे गावात अक्षता ज्वारीच्याच असतात. वरातीत नवरदेव सनरूफमधून वर उभा राहिला असणार आणि आत्या-मावश्यांनी मनसोक्त टाकल्या असणार. गोल दाणा तो, घरंगळत गेला आत.

भूषणला हाक मारायची होती. दहा पावलांवर होता. मी दाणा फेकून दिला आणि गप्प बसलो. म्हटलं, बदल मोटर. कळू दे साहेबांना ट्रेनिंग काय चीज असते ते.

दुसऱ्या दिवशी मोटर आली. ती बसवायला गाडीचं आतलं कापडी छत खाली उतरवावं लागतं. नव्या गाडीचं छत उतरवताना एका बाजूला घडी पडली. नवी मोटर बसली. काच चार बोटं सरकली आणि परत फिरली. भूषणचं तोंड उतरलं. साहेब उभे, नाना उभे.

मी पुढे झालो. ब्रश, टॉर्च, व्हॅक्यूम. पंधरा मिनिटांत मूठभर ज्वारी निघाली. बटण दाबलं, काच सर्रकन शेवटपर्यंत गेली.

"या ते आम्हन्या अक्षता शेतस!" नाना हसायला लागले.

"शाब्बास. कसं ओळखलंस?" साहेबांनी विचारलं.

इथे गप्प बसायचं. पण मला चेव आला होता. भूषणकडे बघत म्हणालो, "मला कालच दिसलं होतं सर. मोटर मागवायच्या आधी."

नानांचं हसू थांबलं. त्यांनी छताच्या घडीवरून हात फिरवला. "काल दिसनं व्हतं ना तुले? मंग मनी नवी गाडीनं छत कसाले खोलं?"

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सोमवारी भूषण आला होता," ते म्हणाले. "म्हणाला, सर, मला धुळं नको. त्याला पाठवा, त्याची आई तिथे आहे. म्हणून मी तुझं नाव हेड ऑफिसला कळवणार होतो."

"होतो म्हणजे?"

"फोरमनच्या हाताखाली दहा माणसं असतात. चूक दिसूनही तू गप्प बसलास. तुझ्या भरवशावर दहा माणसं कशी सोडू?"

दुसऱ्याला अपशकुन करायला मी आपलं नाक कापून घेतलं होतं. नानांच्या गाडीला कंपनीतर्फे नवं छत बसलं. धुळ्याला चाळीसगावचा माणूस फोरमन म्हणून गेला. बायकोला मी अजून खरं कारण सांगितलेलं नाही. भूषणनं हा विषय कधी काढला नाही, डबा आजही माझ्यासोबतच खातो. त्याच्या या चांगुलपणाचाही मला हेवा वाटतो.

आता एवढंच कळतं. कुणाशी शर्यत लावायची असेल, तर तो पळतोय का, हे आधी त्याला विचारून घ्यावं.