पाव्हण्यांना भाकर देऊ नका

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्याच भेटीत साखळीला बांधायला सांगितलं होतं. असं बघू नका माझ्याकडं. चहा येईस्तोवर ऐकून घ्या, मंग ठरवा चूक कुणाची.

झालं असं, की राजूरच्या गणपतीला गेल्तो. येताना काळीपिवळी जीपमधून उतरलो, तर माझ्या मागोमाग एक कुत्र्याचं पिल्लू उतरलं. कुणी बोलावलं नाही, तरी घरात शिरलं, हक्कानं जेवलं आणि आईच्या गोधडीवर झोपलं. आई म्हणाली, हे तर पाव्हणे आले. तेच नाव पडलं. आणि नाव आदराचं म्हणून बोलणंही आदराचं. पाव्हणे जेवले का, पाव्हणे कुठं उलथले, असं सगळं.

पण पाव्हण्यांचे गुण? दारात कुणी दिसलं की आनंदानं नुसते वेडे व्हायचे. उडी थेट छातीवर, आणि मंग दाताला लागेल ते धरायचं. माझी टाच, आईचा पदर, वडिलांच्या पायजम्याची नाडी, काही वर्ज्य नव्हतं. आपण ओरडलो की त्यांना वाटायचं, आता कुठं खेळ रंगला.

शेवटी म्हशीला बघायला जनावराचे डॉक्टर आले. त्यांचा बूट चावून झाल्यावर त्यांनी उपाय सांगितला. अंगावर आला की मारायचं नाही, ओरडायचं नाही. पाठ फिरवायची, हाताची घडी घालायची, त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. गप बसला की मगच भाकरीचा तुकडा. आणि हे घरातल्या प्रत्येकानं केलं पाहिजे, म्हणाले.

मी तसा नियमच लावला. वडील तर भिंतीकडं तोंड करून, घडी घालून अंगणात इतका वेळ उभे राहायचे, की आईचं आणि त्यांचं बिनसलं का, असं शेजारचे विचारायला लागले.

तेवढ्यात जाफराबादकडचं एक स्थळ चालून आलं. मुलीचे वडील आणि आत्या घर बघायला येणार. आता शेती करणाऱ्या, तिशी गाठलेल्या पोराला आजकाल कोण मुलगी देतं? याआधी "कळवतो" म्हणून गेलेले लोक अजून कळवतच होते. आईनं घर चकाचक केलं, नव्या कपबशा काढल्या आणि आमच्या पाव्हण्यांना गोठ्यात साखळीला बांधलं. लोक दुपारी यायचे होते, म्हणून मी निवांत न्हाणीत शिरलो.

डोक्याला साबण, डोळे मिटलेले, आणि बाहेरून वडिलांचा आवाज आला, "अरे, पाव्हणे आले!"

मला वाटलं, सुटले साखळीतून. आता ओसरीवरची नवी चादर फाडणार. मी न्हाणीतूनच बोंबललो, "आले तर येऊ द्या, त्यांच्याकडं कुणी बघू नका! पाठ फिरवा सगळे. गप बसल्याशिवाय भाकर देऊ नका. आन् जास्तच करून राह्यले तर बांधा परत साखळीला."

बाहेर एकदम शांत. म्हटलं वा, उपाय लागू पडला.

मी टॉवेल गुंडाळला आणि डोळ्यात साबण तसाच घेऊन ओसरीवर आलो. तिकडं माझा आवाज ऐकून आमचे पाव्हणे खरंच पट्ट्यातून मान काढून धावत आले आणि माझ्या अंगावर. आता काय करणार? नियम म्हणजे नियम. मी पाठ फिरवली, घडी घातली. बाजेवर पांढरी टोपी घालून मुलीचे वडील बसलेले, आणि मुलगा टॉवेलवर, त्यांच्याकडं पाठ करून भिंत बघतोय.

कुत्र्यानं मला सोडलं आणि त्यांचा पायजमा धरला. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"पाव्हणे, चावू नका! सोडा म्हणते ना!"

मुलीच्या वडिलांनी हातातलं बिस्कीट हळूच बशीत ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "मी कुठं चावून राह्यलो?"

त्यांचा आवाज ऐकला तेव्हा कळलं, वडील कोणत्या पाव्हण्यांबद्दल ओरडले होते. हेही स्थळ गेलं, आणि तेही माझ्याच तोंडानं. आत्याबाई मात्र एकदा कुत्र्याकडं, एकदा आईकडं बघत होत्या. पदर तोंडाला लावून त्या जे हसत सुटल्या, की जेमतेम एवढंच बोलल्या.

"दादा, ते पाव्हणे तुम्ही न्हाई. हे!"

मंग मी पाठमोराच सगळा उपाय समजावून सांगितला. वळायची हिंमत कुणाला होती?

मुलीचे वडील उठले. म्हटलं, निघाले. तर त्यांनीही पाठ फिरवली, घडी घातली आणि उभे राहिले. पाव्हण्यांनी थोड्या उड्या मारल्या, कंटाळले आणि बसले. मंग मुलीच्या वडिलांनी बशीतलं बिस्कीट पाव्हण्यांपुढं केलं.

"मारत न्हाई का याला कुणी?" त्यांनी विचारलं. माझे वडील म्हणाले, आमच्या घरात कुणावरच हात उचलत न्हाई.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले. "पोरीला सांगतो."

आणि सांगितलं त्यांनी. सगळंच सांगितलं, तिथंच घात झाला. लग्नानंतर एका दुपारी मी शेतातून तापून आलो आणि जेवायला उशीर झाला म्हणून आवाज चढवला. वर्षानं, म्हणजे माझ्या बायकोनं, काय केलं? पाठ फिरवली, हाताची घडी घातली. मी ओरडून ओरडून दमलो आणि खाली बसलो. बसल्याबरोबर ताट पुढं आलं.

आता तुम्ही विचाराल, चहा अजून कसा आला नाही? मघापासून मोठमोठ्यानं कोण बोलून राह्यलंय? ती बघा, गॅसपाशी पाठ करून उभी आहे. आणि ते पाव्हणे बघा, कोपऱ्यात गप बसलेत, त्यांचं बिस्कीट खाऊनसुद्धा झालं.

थांबा, मीही बसतो गप.