तो हवेत असतानाचे चार तास

विमान तिकिटांच्या दुकानात मावशी आणि मी शेजारीशेजारी बसायचो. कुठल्याही शहराचं अंतर किती, विमानाला वेळ किती, मावशीला तोंडपाठ. तिचा नवरा ज्या शहरात क्रेन चालवायचा, त्याचं तर विचारूच नका. अठ्ठावीसशे किलोमीटर, चार तास.

त्याला काका म्हणणं माझ्या जिवावर येतं. विमानात बसताना त्याचा फोन यायचा, "निघालो. घरात थांब." पुढचे चार तास मावशीचे. हवेतून माणसाला हात उगारता येत नाही, असं ती म्हणायची. तेवढ्या वेळात सुऱ्या, इस्त्री, लाटणं शेजाऱ्यांकडे ठेवून यायची. कानातले काढायची, एकदा पाळीच फाटली होती. एवढं करूनही दोन दात गेले आणि कोपर कायमचं वाकडं झालं. सकाळी बेसिनमध्ये रक्त थुंकून हीच बाई गिऱ्हाइकाला हसतहसत खिडकीची जागा द्यायची. असा संताप यायचा मला तिचा!

या खेपेला त्याने फोनवर लेकीचं नाव घेतलं. "आई सुधारली नाही, आता पोरीला सरळ करतो."

मावशीने तिथल्या तिथे लेकीचं तिकीट काढलं, तेही त्याच्याच शहराचं. तिथे मावशीची मैत्रीण होती. "तिकडे तो बापजन्मी शोधणार नाही."

"मग तूही जा ना!"

"मी घरात दिसायला हवी गं. मला मारून तो दमतो."

त्याला आणणारं विमानच पोरीला घेऊन परत जाणार होतं. ते उतरायच्या आत पोर विमानतळात शिरली पाहिजे, एवढंच.

थंडीत वारा पाठीशी असला की तिकडून येणारं विमान लवकर उतरतं. "न्यायला लवकर जा," असं मावशी रोज गिऱ्हाइकांना बजावायची. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र तिकिटावरच्या वेळेवर विसंबली.

आम्ही तिघी टॅक्सीतून उतरलो तर विमानतळाच्या दारात तोच. त्याने पोरीची वेणी हाताला गुंडाळली. मावशीने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. वेणी सुटली.

"पळ!"

तो पोरीमागे झेपावला, तशी मावशीने त्याच्या पायाला मिठी मारली. मग बुटाच्या लाथा. तोंडावर, कानावर, पुन्हा तोंडावर. मी त्याच्या पाठीत बुक्के घालत होते, त्याला काही फरक पडत नव्हता. पहारेकऱ्यांनी त्याला आडवं पाडलं तरी मावशीचे हात सुटेनात. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

तो कोठडीत गेला, मावशी दवाखान्यात. जबडा तारांनी बांधलेला. विमान सुटून चार तास उलटले तरी पोरीचा फोन नाही. मी सारखी घड्याळ बघत होते. मावशीने पंजा माझ्या तोंडासमोर धरला आणि मला हलकेच मागे रेटलं. जाताना वारा समोरून असतो, वेळ लागतो, असं सांगत होती ती.

फोन वाजला. मी तो तिच्या कानाला लावला.

"आई, पोचले मी."

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आई? अगं, बोल ना काहीतरी."