श्रीलंकेच्या लाल चटणीविषयी माहिती

श्रीलंकेला जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. देवळात जाताना खांदे आणि गुडघे झाकावेत. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढू नये, तिथे तो अपमान समजतात. नळाचं पाणी पिऊ नये. हे सगळं आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी सहलीआधी ग्रुपवर टाकलं होतं. एक गोष्ट तेवढी टाकली नाही, कारण त्यांना ती माहीतच नव्हती. मला तिथे पोचल्यावर कळली आणि मी ती पोटात ठेवली.

सेक्रेटरी म्हणजे निवृत्त गृहस्थ, शुद्ध शाकाहारी, आणि दुसऱ्याच्या पिशवीत नाक खुपसायची भारी हौस. माझं माहेर सारसोळ्याच्या कोळीवाड्यातलं, आमच्या गेटपासून चालत जाण्याइतकं जवळ. आईनं जन्मभर मासळी विकली. एकदा ती माझ्यासाठी सुकट आणि सुक्या वाकट्या घेऊन आली, तेव्हा लिफ्टमध्ये हे भेटले. "मावशी, हा वास लिफ्टमध्ये नको, जिना आहे ना," म्हणाले. वॉचमनकडून रूम फ्रेशनर मागवला आणि आई आत उभी असतानाच फवारला. हे मला वॉचमननं सांगितलं, आईनं नाही. मी दार उघडलं तेव्हा ती जिना चढून गुडघे धरून उभी होती. अर्धा कप चहा प्यायली आणि गेली.

त्यानंतर तिनं माझ्या घरात पाऊल टाकलं नाही. सणाला बोलावलं, मी तापानं फणफणले होते तेव्हा बोलावलं. "तूच ये इकडं," एवढंच उत्तर. स्वतःच्या आईला स्वतःच्या घरात आणता येत नाही, हे कोणाला सांगायचं? मी सेक्रेटरींशी भांडले, तर ते म्हणाले, "ताई, पर्सनल घेऊ नका." मी पर्सनलच घेतलं.

सोसायटीची सहल ठरली तेव्हा नवरा म्हणाला, त्या माणसाबरोबर कशाला जायचं, डोक्याला टेन्शन. मी म्हटलं, समुद्र काय त्याच्या बापाचा आहे? आणि नाव दिलं.

पहिल्याच सकाळी समुद्रकाठच्या गेस्ट हाऊसमध्ये नाश्त्याला शिरवाळ्यांसारख्या तांदळाच्या शेवया आल्या आणि सोबत खोबऱ्याची लालभडक चटणी. सेक्रेटरींनी बोट बुडवून चाखली आणि डोळे मिटले. मी घास तोंडात घातला आणि थांबले. कोळ्याच्या पोरीची जीभ फसायची नाही. खोबरं, मिरची, लिंबू, आणि मागे सुकी मासळी. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथल्या बाईनं हसत एक काळपट तुकडा दाखवला. आपला कुपा मासा, म्हणजे ट्यूना, उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला. तिकडे तो कुटून चटणीत घालतात, भाजीतही घालतात. शाकाहारी माणसानं विचारून खावं, नुसतं बघून कळत नाही.

सांगावं का, असा प्रश्न मला क्षणभरही पडला नाही. बाकीचे शाकाहारी घरून आणलेल्या ठेपल्यांवर होते, सेक्रेटरींच्या बायकोनं ब्रेडला जॅम लावला होता. त्यांच्याशी माझं वैर नव्हतं, त्यांनी हात लावला असता तर मी अडवलं असतं. पण सेक्रेटरींपुढे मी वाडगा सरकवला. "काका, अजून घ्या ना." रोज सकाळी त्यांच्या शेजारची खुर्ची मी धरायची आणि लेकीच्या मायेनं वाढायची. नवऱ्याला वाटलं, आमचं मिटलं. मी इतकी गोड बोलते म्हणजे काहीतरी शिजतंय, हे लग्नाला एवढी वर्षं होऊनही त्याला कळत नाही.

खरं तर मी तिथे तोंड उघडणारच नव्हते. मासळी पोटात घेऊन हा माणूस नेरूळला परत जाईल, एवढं मला पुरे होतं. पण शेवटच्या दिवशी त्यांनी बोटं चाटली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बघा ताई, समुद्राकाठी राहूनसुद्धा ही माणसं किती स्वच्छ, सात्त्विक खातात. मनावर घेतलं तर जमतं."

मी स्वयंपाकघरातून तो तुकडा आणला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "काका, हा कुपा. सुका. तुमच्या चटणीत रोज होता."

त्यांनी तुकडा नाकाशी नेला आणि टाकून दिला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

ते बेसिनकडे धावले. चुळा भरण्याचा आवाज थांबेना. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पोट भरून आनंद झाला. विमानात ते माझ्यापासून लांब बसले आणि परतल्यावर लिफ्टमधल्या वासाविषयी त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

मी सामान घरात टाकलं आणि तशीच सारसोळ्याला गेले. आई अंगणात बसली होती. तिला सगळं रंगवून सांगितलं, त्यांचा चेहरा करून दाखवला. आई हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला, मी पाठ चोळली.

"आता कोण बोलायची हिंमत नाय करणार," मी म्हटलं. "चल, आजच चल माझ्याकडं. रात्री तिथंच राहा."

तिचं हसू ओसरलं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"त्यानी तोंड धुतलां नी मोकला झाला," ती म्हणाली. "मी काय धुवू, सांग."