मोटारीचा रकाना

त्या पावसाळ्यात साथ आमच्याच गल्लीत आली. मी पालिकेच्या आरोग्य खात्यात घरोघरी फिरणारी सेविका होते आणि राहायलाही उल्हासनगरला, कॅम्प एकमध्येच. अकरा घरांत चार जण जुलाब-उलट्यांनी आजारी. त्यांतली एक शेजारच्या सिंधी आंटीची सून, सात महिन्यांची गरोदर. तिला इस्पितळात सलाईन लावलं होतं आणि तपासणीत कॉलरा निघाला होता. डॉक्टरांनी आंटीला स्पष्ट सांगितलं होतं की सून सावरतेय, पण घरी जाऊन तेच पाणी प्यायली तर पुन्हा इथेच यावं लागेल.

साथीत आमचं काम ठरलेलं असे. घरोघरी आजाऱ्यांची चौकशी करायची, ओआरएसची पाकिटं आणि क्लोरीनच्या गोळ्या वाटायच्या, नळाचं पाणी तपासायचं. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचा थेंब टाकला की ते पिवळं व्हायला हवं, म्हणजे त्यात क्लोरीन आहे. गल्लीच्या तोंडाशी झालं. शेवटच्या घरांत, जिथे आंटी आणि मी राहत होतो, रंग बदललाच नाही.

कारण शोधायला हुशारी लागली नाही. पाण्याची लाइन गटारातून गेली होती आणि पाणी कमी दाबाने येतं म्हणून लोकांनी नळाला थेट मोटारी लावल्या होत्या. मोटार पाणी ओढते, तसं फुटक्या सांध्यातून गटारही ओढते. पाणी खात्याचे इंजिनिअर सांधा बदलायला तयार होते, पण आधी मोटारी काढा म्हणाले. कुणाकुणाकडे आहेत त्याची यादी त्यांनी माझ्याकडे मागितली. माझ्या वहीत रकाने आखलेले होतेच: घर, आजारी, पाणी भरायची वेळ, मोटार.

संध्याकाळी आंटीकडे गेले. ती इस्पितळातून नुकतीच आली होती. तुमचीही मोटार काढावी लागेल, असं मी सांगितलं. तिने वही वाचून दाखवायला लावली. मी सात घरं वाचली.

"सबका लिखा," ती म्हणाली. "अपना लिखा क्या?"

लिहिलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. मी नेहमी शेजारच्या घरापासून सुरुवात करत असे, स्वतःच्या दारावर थाप मारायची वेळच येत नसे. पण आमची मोटार तीन वर्षं चालू होती, आणि हे कारण त्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं. मी तिच्यासमोरच आठवं घर लिहिलं.

"बहू शुक्रवार को आएगी. उसके पहले निकालेगी ना?"

"आत्ताच काढते, आंटी."

वरची टाकी भरणार नाही म्हणून नवरा कुरकुरला, पण पाना त्यानेच शोधून दिला. मोटार सुटेपर्यंत आंटी आमच्या दारात उभी होती. मग तिने स्वतःची काढायला लावली. सकाळपर्यंत आणखी दोन निघाल्या, उरलेल्या चार इंजिनिअरांची नोटीस आल्यावर. गुरुवारी सांधा बदलला. शुक्रवारी सकाळी शेवटच्या नळाचं पाणी फिकट पिवळं झालं. खात्री व्हावी म्हणून मी दोनदा पाहिलं. दुपारी सून घरी आली.

आता हंडा भरायला दहा मिनिटं लागत. सून बाळंत होईपर्यंत आंटी रोज पाण्याच्या वेळेला काहीतरी मागायला येई, कधी मिरची, कधी कोथिंबीर. ती मोटारीचा आवाज येतो का ते ऐकायला येते, हे मला कळत होतं. पाणी यायच्या आधी मी दार उघडून ठेवायला लागले.