भुरी म्हशीचा आवाज

धुरपता चौदा वर्षांची असताना जयंतीच्या समूहगीतात उभी राहिली. तिचा आवाज जाडाभरडा, बाप्यालाही लाजवील असा. गाणं बसवणारे ईश्वरगुरुजी म्हणाले, "धुरपता, तू नुसते ओठ हालव." तिनं हलवले, आणि मग चाळीस वर्षं तेवढंच केलं. दर पौर्णिमेला ती बुद्धविहारात शेवटच्या रांगेत बसायची. वंदनेचा शब्दन् शब्द पाठ, पण तोंडातून आवाज म्हणून नाही. गुरुजींना आपण काय करून ठेवलं ते आठवतही नसेल. बोलणारा बोलून मोकळा होतो, दुसरं काय!

दिघोरीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत ती पोषण आहार शिजवते. पोरांना वाढताना बोलायचं नाही, हा तिचा नियम. अजून भात हवा का, हेसुद्धा ती हातातला भात वाढायचा सराटा उंचावूनच विचारायची. मोकळं बोलणं फक्त स्वयंपाकघरात, मदतनीस शकुनबाईशी आणि आत घुसणाऱ्या शेळ्यांशी.

शेवटी एका शेळीनंच घात केला. तांदळाच्या पोत्याला तोंड लावणाऱ्या त्या शेळीला धुरपतानं असं काही झापलं, की शेजारच्या वर्गातल्या रुचिता मॅडम खडू टाकून धावत आल्या. मॅडमना चित्रांचा भारी नाद. पोरांसाठी 'गोठ्यातल्या गप्पा' नावाचा कार्यक्रम त्या जुळवत होत्या. टीव्हीवर माइकमधल्या आवाजाबरोबर हलणारा चित्रातला गबरू बेडूक आणि तशीच चित्रातली भुरी म्हैस, समोर खुर्चीत खराखुरा नामवंत पाहुणा, आणि प्रश्न विचारायचे बेडूक-म्हशीनं. बेडकाचा आवाज मॅडम स्वतःच काढणार होत्या. म्हैस मात्र अजून मुकी होती.

"धुरपताबाई, मले माझी म्हैस सापडली!" मॅडम म्हणाल्या.

तीन दिवस नाही-नाही म्हणून धुरपता तयार झाली, ती एका अटीवर. "माझं नाव कोनाले सांगू नोका. पोट्टे हासतीन."

भुरी बोलायला लागली आणि पोरं तिच्यावर लट्टू झाली. लाखांदूरचा एक धावपटू आला, तर भुरीनं त्याला विचारलं, "पळता पळता नाक खाजलं तं काय करता?" तो बिचारा खरंच विचारात पडला. धान्याच्या खोलीत माइक धरून बसलेली धुरपता खूश व्हायची आणि घाबरायचीही. एक दिवस पोरांना कळणार, आणि कोणीतरी पुन्हा म्हणणार, नुसते ओठ हालव.

दिवाळी सरली, मंडईच्या जत्रेचे दिवस आले. घरोघरी पाहुणे, गावात नाटक लागलेलं. त्या नाटकाची नायिका रिताबाई, जी रडली की अख्खा मांडव रडतो, सकाळी शाळेत आली. वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती.

"रिताबाई," भुरीनं विचारलं, "रोज रोज रडता, एवढं पानी आनता कोठून?"

रिताबाई हसत उत्तर द्यायला लागली, तोच धुरपताच्या नाकाला वास आला. भात! आणि जिनं भातावर लक्ष ठेवायचं ती शकुनबाई नायिका पाहायला वर्गाच्या खिडकीला लटकलेली. भात लागत असताना कुठल्या स्वयंपाकिणीला माइक आठवतो!

"अवं शकुन! भात लागून राहिला! पयले गॅस बंद कर!"

टीव्हीवरच्या भुरीनं शिंगं हलवत, डोळे वटारत हे साऱ्या वर्गाला ऐकवलं. शकुनबाई खिडकीवरून उडी मारून पळाली. इकडे धुरपतानं चटकन माइक पदराखाली झाकला. संपलं सगळं, तिला वाटलं.

"तुमची म्हैस सैपाकबी करते का?" रिताबाईनं पोरांना विचारलं.

तिसरीतली प्रतीक्षा उभी राहिली. "हो. रोज आमाले भात वाढते. धुरपतामायच हाये आमची भुरी."

धुरपता माइक हातात घेऊनच वर्गाच्या दारात आली. "तुमाले कसं मालूम?"

"पयल्याच दिवशी मालूम झालं. शेळीले वरडल्या तवा आयकला होता ना आवाज."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तुमी बोलनं बंद केलं असतं."

साऱ्या वर्गानं माना डोलावल्या. ज्यांच्या पोटात दुसऱ्याची पेन्सिल मोडल्याची बातमी घटकाभर टिकत नाही, त्या पोरांनी हे गुपित वर्षभर सांभाळलं होतं! धुरपता हसायला गेली आणि तिचे डोळे वाहायला लागले.

"आता तुमी सांगा," रिताबाई म्हणाली, "एवढं पानी आनलं कोठून?"

त्या दिवशी लागलेला भातही सगळ्यांनी खाल्ला आणि तळाच्या खरवडीसाठी भांडणं झाली. धुरपतानं पहिल्यांदाच तोंडानं विचारलं, "आनखी वाढू का रे?"

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना सुरू झाली, तेव्हा शेवटच्या रांगेतून भुरीचा भरदार आवाज निघाला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या ईश्वरगुरुजींनी दचकून मागे वळून पाहिलं. त्यांनी काही बोलायच्या आत त्यांच्या मागेच बसलेल्या प्रतीक्षानं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.