पिंपळाच्या रोपाला तेहेतीस तांबे

धोंड्याचा महिना लागला आणि आमच्या गावच्या बायकांनी माझ्या पिंपळाचा जीव घ्यायचं मनावर घेतलं.

माझा म्हणजे तसा गावाचाच. पण विहिरीच्या भिंतीतून रोप काढून मी आणलं, पारावर खड्डा मी केला, बकऱ्या येऊ नयेत म्हणून बाभळीच्या काट्या मी रोवल्या... जुना पिंपळ वादळात पडला तेव्हा हळहळायला सगळा गाव होता. खणायला मी एकटी.

आमचं गाव पिंपळगाव राजा या गावाच्या अलीकडे. बाजाराच्या दिवशी माझी सून यमुना त्या पाराशी वांगी-मिरच्या घेऊन बसते. सावली गेल्यापासून तिला दोनदा भोवळ आली. रोप आत्ता कमरेएवढं... त्याची सावली पडेपर्यंत मी काही राहत नाही. पण ती राहील ना.

म्हणून उन्हाळाभर चार दिवसांआड रॉकेलच्या डब्यानं पाणी घातलं. तेही बुंध्यापासून हातभर लांब. रोप चांगलं तरारलं होतं.

मग हा महिना आला. या महिन्यात पिंपळाला रोज तेहेतीस तांबे पाणी घातलं की पुण्य लागतं म्हणे. आणि गावात पिंपळ उरलेला हा एवढाच... वीस घरच्या वीस बायका, एकेकीचे तेहेतीस तांबे. काळी माती, पाणी जिरेना. वरून दूध, हळद, आणि बुंध्याला सुताचे वेढे असे की फासच. आठ दिवसांत पानं पिवळी पडली.

मी भांडले. पाटलीणबाई म्हणाल्या, "काशीमाय, देवाले पानी घालाले बी तुले इचारा लागते काय?"

"देवाले घाला वो, झाडाले बुडवू नका."

सगळ्या हसल्या. आणि घातले तेहेतीस.

बाजाराला आंबे घेऊन येणाऱ्या रहीम बागवानाला रोप दाखवलं. त्यानं मातीत बोट खुपसलं, वास घेतला. "मुळी सडून राह्यली, माय. पानी बंद करा, नाही तं दुसरं रोप पाहा."

बंद करा म्हणे. आमचं वऱ्हाड चालवणाऱ्या नागपूरच्या सरकारलाही जमायचं नाही ते...

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला. शेंदूर फासला आणि रोपापासून चार हात लांब, उताराच्या अंगाला उभा रोवला. रोपाचं सूत कापलं, चिखल काढला, कोरडी माती भरली. मग खराटा घेऊन झाडत राहिले.

पाटलीणबाई तांब्या घेऊन आल्या. मी सांगितलं, जुन्या पिंपळाच्या बुडातून देव निघाला, पाणी आता त्यालाच घालायचं.

"तुले कोनं सांगतलं?"

"त्यानंच सांगतलं. तुमी झोपल्या होत्या तवा."

खरं सांगत होते तेव्हा एकीनंही ऐकलं नाही. खोटं बोलले तर लगेच हात जोडले... पाणी उतारानं निघून जाऊ लागलं. महिना सरता सरता रोपाच्या शेंड्याला तांबूस कोवळं पान आलं.

परवा रोप पाहायला गेले. वरवंट्याला आता ओटा बांधलाय, भोवती फरशी, समोर नारळ. पाटलीणबाई मलाच म्हणाल्या, "वहाना काढ वो, काशीमाय. देवापाशी उभी हायेस."

काढल्या. दुपारची फरशी, तळपाय भाजले... पलीकडे यमुना वांग्यांच्या टोपलीत तोंड घालून हसत होती. घरी आल्यावर म्हणते, "आत्याबाई, देव तं झाला, पन आता मिरची कशानं वाटू?"

पारावर मी हातही जोडले, खोटं कशाला सांगू. तीस वर्षं त्यानं आमची मिरची वाटली, आणि आता रोप राखलं. गावातल्या किती माणसांबद्दल एवढं सांगता येईल...